नावेत नाव घेऊ नये

[पडद्यावर: पहाटेची ओहोटी. ओल्या वाळूवर दोरांचा गुंता, त्यात अडकलेलं एक फुटकं बोयं.]

कॉर्नवॉलच्या मच्छीमारांत एक जुनी रीत आहे. होडीत पाय ठेवला की सशाचं नाव काढायचं नाही. ससा आडवा गेला, सशानं परसातला कोबी कुरतडला, काय सांगायचं ते किनाऱ्यावर सांगा. होडीत तो शब्द तोंडातून निसटला की दिवस वाया गेलाच म्हणून समजा. कारण विचारलं तर नीट कुणी सांगत नाही. आपल्याकडे नाही का, रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात? नाव घेतलं की ते समोर येऊन उभं राहतं, ही धास्ती माणसाला सगळीकडेच आहे.

मराठीत तर या गोष्टीला आणखी एक मजा आहे. होडीलाही आपण नाव म्हणतो आणि नावालाही नाव. नावेत नाव घेऊ नये.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस एका तरुण नटानं हीच रीत उचलून आपल्या नाटकाचं शीर्षक केलं. 'नेव्हर से रॅबिट इन अ बोट'. होडीत ससा म्हणू नका. नाटक लागलं ते स्टोक-ऑन-ट्रेंटला. समुद्र तिथून चांगलाच लांब. ते गाव चिनी मातीच्या भांड्यांचं. नटाचं नाव निक डार्क.

[पडद्यावर: उत्तर कॉर्नवॉलचा किनारा. काळे कडे, मध्ये घुसलेली चिंचोळी खाडी.]

इंग्लंडचा नकाशा समोर धरला तर खाली डावीकडे एक पाय अटलांटिकमध्ये लांब पसरलेला दिसतो. तो कॉर्नवॉल. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर पॅडस्टो आणि न्यूकी या गावांच्या मध्ये पोर्थकॉथन नावाची छोटी खाडी आहे, आणि तिच्या वरच्या अंगाला सेंट इव्हल. निकचा जन्म इथला, २९ ऑगस्ट १९४८चा. वडील कोंबड्या पाळायचे आणि उरलेला वेळ पक्ष्यांच्या मागे घालवायचे. कॉर्नवॉलच्या लाल चोचीच्या कावळ्यावर, ज्याला तिकडे 'चफ' म्हणतात, त्यांनी पुस्तक लिहिलं. आई अभिनेत्री. म्हणजे एका खोलीत खुराड्याचा हिशोब आणि दुसरीत नाटकातल्या भूमिका. अशा घरातलं पोर सरळ रेषेत जाईल अशी अपेक्षाच चुकीची.

सेंट इव्हलचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हवाई दलाला तिथलं पठार धावपट्टीसाठी हवं होतं. गावातली घरं पाडली. चर्च तेवढं उभं ठेवलं. निक मोठा झाला तो अशा जागी, जिथे देवळाच्या दारातून विमानं दिसायची. पुढे १९८३ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीनं त्याचं 'द बॉडी' रंगमंचावर आणलं. त्यात एक कॉर्निश खेडं आहे आणि शेजारी अमेरिकनांचा लष्करी तळ. कल्पना कुठून आली हे विचारायला नको.

मच्छीमाराचा नाटककार झाला, असं एका ओळीत सांगायला बरं वाटतं. ओळ खोटी नाही, पण निकच्या बाबतीत ती फार गुळगुळीत आहे. तो आधी नट झाला. रोझ ब्रुफर्ड कॉलेजात शिकला, बेलफास्टला लिरिक थिएटरमध्ये काम केलं, मग स्टोकच्या व्हिक्टोरिया थिएटरमध्ये बरीच वर्षं काढली. हे थिएटर म्हणजे जुन्या सिनेमागृहाचं केलेलं वर्तुळाकार नाट्यगृह. प्रेक्षक चहूबाजूंनी, नट मध्ये. दिग्दर्शक पीटर चीझमन तिथे एक वेगळंच काम करत होते. आसपासच्या लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित करायची आणि त्यांच्याच शब्दांतून नाटक उभं करायचं. मला वाटतं, निकचं खरं शिक्षण हे. कान उघडा ठेवायचा, आणि माणूस जसं बोलतो तसं त्याला बोलू द्यायचं.

१९७९ मध्ये होतकरू नाटककारांना मिळणारा जॉर्ज डिव्हाइन पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये 'द डेड मंकी', १९८७ मध्ये नॅशनल थिएटरला 'टिंग टँग माइन', कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचं. लंडनमध्ये इतकं झालं की माणसं लंडनला घर बघतात. हा पोर्थकॉथनला परतला.

[पडद्यावर: लहान होडी. पाण्यातून वर येणारा सापळा, त्यावरून ओघळणारं पाणी.]

तिथे तो लिहायचा आणि शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचा. हौसेखातर गळ टाकून बसणाऱ्यातला नव्हता. सापळे, दोर, आमिष, हवामान, सगळं रीतसर.

शेवंडांचा धंदा जरा जवळून बघू. उत्तर अटलांटिकच्या या बाजूचं शेवंड जिवंत असताना गडद निळं असतं. लाल होतं ते उकळल्यावर. एक नांगी जाड, फोडायला. दुसरी सडपातळ, कापायला. ते राहतं खडकांच्या कपारीत, त्यामुळे जाळं ओढून भागत नाही. सापळा खाली सोडावा लागतो. जुन्या काळी हे सापळे लवचीक ओल्या फांद्यांचे विणत, दौतीसारख्या आकाराचे. हिवाळ्यात होड्या वर ओढल्या की घरात बसून विणायचे आणि वसंतात पाण्यात टाकायचे. एखादं वादळ निम्मे सापळे गिळायचं, की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून.

सापळा कुठे टाकला हे लक्षात कसं ठेवायचं? पाण्यावर खूण करता येत नाही. मग जमिनीवरच्या दोन गोष्टी एका रेषेत आणायच्या. चर्चचा मनोरा अमुक कड्याच्या टोकावर आला पाहिजे. दुसऱ्या बाजूला अमुक खडक त्या घराच्या धुराड्याखाली. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली सापळा. या खुणा बाप मुलाला सांगतो, आणि शेजाऱ्याला शक्यतो सांगत नाही.

वर आलेलं प्रत्येक शेवंड घरी नेता येत नाही. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत मापपट्टी लावायची. कॉर्नवॉलमध्ये आज ही मर्यादा ९० मिलिमीटर आहे. एक मिलिमीटर कमी भरलं तरी परत पाण्यात. पोटाखाली अंडी लगडलेली मादी मिळाली तर तिच्या शेपटीच्या पंख्याला इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच पाडून सोडतात. ती खाच पुढे ज्याला कुणाला दिसेल, त्यानंही तिला सोडायचं. एकानं दुसऱ्यासाठी लिहिलेली चिठ्ठीच ती, फक्त कागद जिवंत.

आणि सापळा म्हणजे तुरुंग, हाही गैरसमजच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या संशोधकांनी समुद्रतळाशी सापळ्यावर कॅमेरा लावून पाहिलं. आत शिरलेल्या शेवंडांपैकी ९४ टक्के निवांत बाहेर गेली, बरीचशी आल्या वाटेनंच. आमिष खायचं, शेजाऱ्याशी भांडायचं, निघायचं. वर ओढताना जे योगायोगानं आत होतं ते मिळालं. लेखनाचा धंदा करणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

[पडद्यावर: न्यूलिन बंदर. धक्का, नौका, कलकलणारे समुद्रपक्षी.]

या काळात निकला नीहाय ही नाटकमंडळी भेटली. माइक शेपर्ड नावाच्या शाळामास्तरानं १९८० मध्ये सुरू केलेली कॉर्निश मंडळी. तालमी कड्यावरच्या जुन्या गोठ्यांत आणि कोठारांत. प्रयोग कधी खाणीत, कधी उघड्या माळावर, वाऱ्याशी घसा ताणून. तिच्यासाठी निकनं 'द किंग ऑफ प्रशिया' लिहिलं, अठराव्या शतकातल्या जॉन कार्टर या चोरट्या व्यापाऱ्यावर. आणि १९९९ मध्ये 'द रायट', जे नॅशनल थिएटरपर्यंत गेलं.

'द रायट'ची मूळ हकिगत खरी आहे, आणि नाटककारानं रचली असती तर लोक म्हणाले असते, जरा जास्त झालं.

कॉर्नवॉलमधल्याच न्यूलिन बंदरातले मच्छीमार मेथडिस्ट, म्हणजे कडक शिस्तीच्या एका ख्रिस्ती पंथाचे. रविवार देवाचा. त्या दिवशी जाळं टाकणं म्हणजे पाप. पण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून, लोएस्टॉफ्टकडून, बांगड्याच्या हंगामात नौका यायच्या, आणि त्यांना रविवारचं काही नव्हतं. ते रविवारी मासे मारायचे आणि सोमवारी सकाळी सगळा बाजार त्यांचाच. न्यूलिनकरांनी प्रार्थना करायची आणि पडलेल्या भावात विकायचं. १८ मे १८९६, सोमवार. सकाळी न्यूलिनकर पूर्वेकडच्या नौकांवर चढले आणि एकेक टोपली उचलून बंदरात रिकामी करू लागले. सुमारे १,००,००० बांगडे पाण्यात गेले. बंदर चांदीसारखं झालं असेल आणि दुसऱ्या दिवशी वासानं उभं राहवलं नसेल. सरकारनं सैनिक पाठवले, ३००हून जास्त, आणि एक युद्धनौकाही.

आता यात चूक कुणाची? श्रद्धेची बाजू घ्यावी तर मध्येच दिसतं की श्रद्धा आणि बाजारभाव एकाच टोपलीत आहेत. पूर्वेकडच्यांची बाजू घ्यावी तर तेही पोटासाठीच आलेले. निकचा पिंडच असा की तो या गुंत्यातून दोर सोडवत बसत नाही. गुंता जसाच्या तसा रंगमंचावर ओततो आणि वर लोकांना हसवतो. माणसं बोलतात ती कॉर्निश लहेजात. बोलीतलं नाटक राजधानीत नेणं धोक्याचं असतं. शहरी प्रेक्षक बोली ऐकली की हसायला तयारच बसलेला असतो. निक त्याला हसू देतो, आणि हसताना तोंड उघडं आहे तोवर गळ टाकतो.

[पडद्यावर: रिकामी खोली. टेबल, खिडकी, पलीकडे समुद्र. आवाज फक्त लाटांचा.]

२००१. निकनं पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. मेंदूचा झटका आला आणि भाषा गेली.

'भाषा गेली' म्हणजे काय, ते इथे थांबून समजून घ्यायला हवं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या, बहुतेकांच्या डाव्या, भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि शब्दांचा कारखाना बंद पडतो. बुद्धी जात नाही. समोर कप आहे, कप कशासाठी असतो ते ठाऊक आहे, चहा कोणाला किती गोड लागतो तेही ठाऊक आहे. 'कप' येत नाही. कधी त्याच्या जागी 'खुर्ची' येतं, आणि चूक झाली हे बोलणाऱ्यालाच आधी कळतं. आपल्याला एखादं नाव आठवेनासं झालं की कसं होतं? जिभेच्या टोकावर आहे म्हणतो, दोन मिनिटं तडफडतो. तसं दिवसभर, प्रत्येक वस्तूला, बायकोच्या नावालासुद्धा. गमतीची गोष्ट ही की पाठ असलेली गाणी, एक ते दहा आकडे आणि अस्सल शिव्या कित्येकदा शाबूत राहतात. त्या मेंदूच्या दुसऱ्या फडताळात असतात म्हणे.

निकचं बोलणं गेलं, वाचणं गेलं, लिहिणंही. सुताराचा हात गेला तर निदान तो सांगू शकतो की माझा हात गेला. नाटककाराचे शब्द गेले तर ते सांगायलाही शब्दच लागतात. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली, त्याच्यावर स्वतःचं एक वाक्य जुळवायला दिवस घालवायची पाळी आली. नावेत नाव घेऊ नये ही गंमत होती तोवर ठीक होतं.

पत्नी जेन डार्क चित्रकार, पुढे चित्रपटकार. हळूहळू, अगदी मुंगीच्या पावलानं, निकचे शब्द परत येऊ लागले. सगळे नाही आले.

[पडद्यावर: भरतीची रेषा. शेवाळ, लाकूड, प्लास्टिक. वाकलेली पाठ, हात.]

या काळातली निकची जागा होती किनारा. कॉर्नवॉलमध्ये 'रेकिंग' असा शब्द आहे. बाहेरच्यांना वाटतं, खोटे दिवे दाखवून जहाजं खडकावर आणणं. स्थानिक माणूस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ साधा असतो: समुद्रानं टाकलेलं वेचणं. फळ्या, दोर, बोयी, पेट्या. कायदा त्याहून कडक. फुटल्या जहाजाचं काही सापडलं तर २८ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. 'रिसीव्हर ऑफ रेक' हे त्याच्या पदाचं नाव. इतकं नाटकी पदनाम नाटककारालाही सुचलं नसतं.

किनाऱ्यावर काय काय येतं? १३ फेब्रुवारी १९९७ला 'टोकियो एक्स्प्रेस' या मालवाहू जहाजाला कॉर्नवॉलच्या टोकाला, लँड्स एंडजवळ, एका लाटेनं असं कलंडवलं की ६२ कंटेनर समुद्रात गेले. एकात लेगोचे सुमारे ४८ लाख तुकडे होते. त्यातले बरेच समुद्राच्याच थाटाचे: चिमुकले ऑक्टोपस, पोहायचे पंजे, जीवरक्षक तराफे. ते अजून वाळूत सापडतात.

शिवाय बिया. गडद तपकिरी, गुळगुळीत, हृदयाच्या आकाराच्या. त्या येतात अमेरिकेच्या उष्ण भागांतल्या जंगलांतून; नदीत पडतात, समुद्रात जातात, गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाबरोबर अख्खा अटलांटिक ओलांडतात. कोकणातल्या माणसानं हातात घेतली तर लगेच म्हणेल, ही तर गारंबी! बरोबरच आहे. आपल्या गारंबीचीच ही चुलतबहीण.

आणि सापळ्यांचे बिल्ले. पलीकडे, अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर शेवंडाच्या सापळ्याला प्लास्टिकचा क्रमांकाचा बिल्ला लावावा लागतो. वादळात सापळा तुटतो, बिल्ला सुटतो, आणि एखाद दिवशी पोर्थकॉथनच्या वाळूत येऊन पडतो. निकनं अशा बिल्ल्यांवरून त्यांच्या मालकांचा माग काढला. महासागराच्या दोन काठांवर एकच धंदा करणारी दोन माणसं, आणि मध्ये बोटभर प्लास्टिक.

यावर निक आणि जेननी फिल्म केली, 'द रेकिंग सीझन'. दिग्दर्शन जेनचं. लिहिलं निकनं आणि निवेदनही त्याचंच. ज्याची वाचा गेली होती त्यानं आपल्या फिल्मला स्वतःचा आवाज दिला. मी या पडद्यामागे बसून लिहिलेलं वाचून दाखवतोय, तेही तीन तीन वेळा अडखळून. तेव्हा निवेदनाच्या एका वाक्याला त्याला काय पडलं असेल, त्याचा अंदाज मी बांधायला जात नाही.

एक मात्र वाटतं. किनारा वेचताना वस्तू आधी हातात येते, नाव मागाहून. आजाऱ्याला डॉक्टर चित्र दाखवून विचारतात, हे काय? तिथे नाव आलं नाही की नापास. किनाऱ्यावर असं नसतं. तिथे धडधाकट माणूससुद्धा वाकून काहीतरी उचलतो आणि म्हणतो, हे काय बरं असेल? आणि दोघंही तेवढ्यापुरते एका रेषेत येतात.

[पडद्यावर: दोर वेटोळी घालून ठेवलेला. बाजूला रिकामे सापळे.]

पुढची फिल्म शेवंडांवर करायची होती. पकडण्याची सगळी विद्या कॅमेऱ्यात उतरवायची, हा बेत. काम सुरू असतानाच कर्करोग निघाला. निक डार्क १० जून २००५ रोजी गेला. वय ५६. जेननी चित्रीकरण थांबवलं नाही, पण फिल्म बदलली. ती त्याच्या जाण्याची आणि मागे राहिलेल्यांची झाली. नाव तेच ठेवलं, 'द आर्ट ऑफ कॅचिंग लॉबस्टर्स'. २००७ मध्ये ती आली.

टेबलावर एक नाटक अर्धं होतं. 'लाफिंग गॅस', पेन्झन्समध्ये जन्मलेल्या हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञावर. नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून बघणारा आणि खाणकामगारांना सुरक्षित दिवा देणारा हा माणूस. भाषा गमावून बसलेला, आजारी लेखक लिहीत होता ते हसवणाऱ्या वायूचं नाटक. कार्ल ग्रोस या कॉर्निश नाटककारानं ते पुरं केलं आणि ते रंगमंचावर आलं. दुसऱ्याचं अर्धं नाटक पुरं करणं किती अवघड, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. खुणा बापानं मुलाला सांगायच्या असतात. इथे त्या कागदावरून शोधाव्या लागल्या असणार. फॅलमथ विद्यापीठानं पुढे निकच्या नावानं लेखन पुरस्कारही सुरू केला.

[पडद्यावर: पोर्थकॉथनची खाडी. पाण्यात उभ्या खडकांचे सुळके.]

या खाडीत खडकाची एक मोठी कमान होती. लोक तिच्या खालून चालत जायचे, फोटो काढायचे. जानेवारी २०१४च्या वादळात एका रात्रीत ती कोसळली. निकनं रोज पाहिलेली ती कमान आता तिथे नाही. कुणाच्या खुणेच्या रेषेत ती असलीच, तर त्यानं दुसरा खडक शोधला असेल.

ओहोटी अजून उतरतेय. भरतीच्या रेषेवर शेवाळाच्या ढिगात काहीतरी नारिंगी दिसतंय, बोटभर लांब, वर आकडे. वाळू पुसायला हवी.

[पडद्यावर: अंगठा बिल्ल्यावरची वाळू पुसतो. आकडे अर्धवट दिसतात. लाटांचा आवाज.]